वली की वकील?

सिंधुदुर्गनगरी हे नाव कागदावरचे. सरकारी शिक्क्यावर ते असते, पत्रव्यवहारात असते. माणसांच्या तोंडी मात्र अजून 'ओरोस'च आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गावात जिल्ह्याचे मुख्यालय आले. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, सारे इथेच. त्यामुळे खारेपाटणपासून बांद्यापर्यंत आणि देवगडपासून दोडामार्गापर्यंत ज्याला सरकारदरबारी काही मागायचे असते तो सकाळच्या एसटीने ओरोसला येतो. कोणी दाखला मागायला येतो, कोणी न्याय, कोणी औषध. काही जण मात्र स्वतःसाठी येत नाहीत. दुसऱ्यासाठी मागायला येतात. हा लेख त्या दुसऱ्यासाठी मागणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांच्यात आम्हीही आहोत.

आमचा पाच-सात जणांचा एक गट आहे. मनोरुग्णांच्या घरी जायचे, त्यांना दवाखान्यापर्यंत न्यायचे, गोळ्या मध्येच बंद पडू द्यायच्या नाहीत, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर खेटे घालायचे, एवढेच आमचे काम. काही वर्षांपूर्वी ओरोसच्या एका सभागृहात आम्ही एक सभा घेतली. जमातीचे पदाधिकारी, दोन-तीन गावांचे सरपंच, शिक्षक, डॉक्टर अशी मंडळी बोलावली होती. पुढच्या रांगेत एक तरुण त्याच्या आईजवळ बसला होता. आखातात नोकरीला गेलेला, तिथे आजारी पडून परत पाठवलेला, तीन वर्षे घरात कोंडलेला आणि आता औषधाने सावरलेला. आमच्यापैकी एकाने त्याची सारी हकिकत सांगितली. तो अंगावरचे कपडे कसे फाडायचा, रात्री कसा ओरडायचा, घरच्यांनी त्याला मागच्या पडवीत कसे बांधून ठेवले होते. त्याचा फोटो छापलेली पत्रके आम्ही दारातच वाटली होती. सभागृह हळहळले. मग तो तरुण उभा राहिला. तो आभार मानील असे आम्हाला वाटले.

त्याने विचारले, "ह्या सगळा सांगूच्या आदी माका इचारलास?"

"खालांना विचारलं होतं," आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले.

"अम्माक इचारलास. माका नाय," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या आईने मान खाली घातली.

त्या दिवशी कोणी वाईट हेतूने वागले नव्हते. नियत साफ होती. पण नियत साफ असली म्हणजे काम बरोबर झालेच असे नाही, हे त्या दोन वाक्यांनी आम्हाला शिकवले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, किंवा बोलला तरी ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आपल्या समाजाला या प्रश्नासाठी नवे शब्द शोधायची गरज नाही. निकाहाच्या मजलिशीत दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: वली आणि वकील. इथे वली म्हणजे औलिया नव्हे; वली म्हणजे पालक, ज्याचा अधिकार नात्याने आणि शरियतने येतो. शाफई मजहबाच्या आपल्या कोकणात मुलीच्या वलीशिवाय निकाह लागत नाही. वकिलाचे काम वेगळे. तो दोन गवाह बरोबर घेऊन आतल्या खोलीत जातो, मुलीला विचारतो, तिची इजाजत घेतो आणि बाहेर येऊन ती सांगतो. तिने जे सोपवले तेवढेच त्याचे. फिकहच्या भाषेत वकालत म्हणजे एकाने आपले काम दुसऱ्यावर सोपवणे. ज्याने सोपवले तो ते काढूनही घेऊ शकतो. वलीला असे काढता येत नाही.

आम्ही त्या सभेत स्वतःला वकील समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही आतल्या खोलीत गेलोच नव्हतो. थेट मजलिशीत येऊन इजाजत जाहीर केली होती.

आता कोणी म्हणेल, मनोरुग्णाला विचारायचे काय? ज्याला वस्त्राची शुद्ध नाही त्याची इजाजत कशी घ्यायची? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तमिळनाडूतील एरवाडीची घटना आठवा. तिथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरे होती. नातेवाईक माणसाला आणून सोडत, पैसे देत आणि परत जात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतील एका घराला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांना पळता आले नाही, कारण पाय बांधलेले होते. आणि आधी कोणाला सांगता आले नाही, कारण त्यांचे सांगणे 'वेड्याचे बोलणे' होते. त्यांच्या वतीने ओरडणारा कोणी तिथे असता तर त्याने इजाजत घेतली होती का, असे आम्ही विचारले नसते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपणहून या घटनेची दखल घेतली, तेव्हा कुठे देशभरच्या अशा घरांकडे सरकारचे लक्ष गेले.

म्हणजे वली लागतोच. बुडणाऱ्याला हात देताना परवानगी मागत बसायचे नसते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली मुंबईत श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले, त्यामागे रस्त्यावर नारळाच्या करवंटीतून गटाराचे पाणी पिणारा एक तरुण होता. तो स्वतः त्यांच्याकडे आला नव्हता. त्यांनीच त्याला उचलून आणले आणि बरे केले. पुढे कर्जतला केंद्र उभे राहिले, रस्त्यावर सापडलेली हजारो माणसे बरी होऊन आपापल्या घरी पोहोचली आणि २०१८ साली डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातही ओरोसजवळच पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम अशाच निराधारांना आसरा देतो. या माणसांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचे काही लिहिणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण वाटवानींच्या कामातील एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. बरा झालेला माणूस ते ठेवून घेत नाहीत. शुद्धीवर आल्यावर त्याला त्याचे नाव, गाव विचारतात आणि तो सांगेल तिथे त्याला नेऊन पोहोचवतात. वलीचे काम संपते, माणूस आपल्या जागी परत जातो. अडचण तिथे सुरू होते जिथे वलीला आपले काम संपवावेसे वाटत नाही. संस्था वाढते, इमारत होते, देणगीदार येतात, आणि रुग्ण कायम असहाय असणे हीच संस्थेची गरज होऊन बसते. आमची सभाही तशीच झाली होती. तो तरुण बरा झाला होता, म्हणूनच तर त्याला बोलावले होते. आणि तरी त्याच्याबद्दल आम्ही असे बोललो जणू तो अजून पडवीतच बांधलेला आहे.

फिकहच्या विद्वानांनी या बाबतीत जी बारकाई दाखवली ती आम्हाला नंतर समजली. वेड्याच्या कर्माची नोंद होत नाही, शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेली असते, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण ओटोमन काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायद्याच्या संहितेत वेडाचे दोन प्रकार केलेले आढळतात: एक, जे सतत टिकते, दुसरे, जे येते आणि जाते. दुसऱ्या प्रकारात माणूस शुद्धीवर असतो त्या काळातले त्याचे व्यवहार शहाण्या माणसाच्या व्यवहारांसारखेच धरले जातात. म्हणजे 'हा वेडा आहे' एवढे म्हणून भागत नाही. 'आज, या घडीला, या गोष्टीपुरता तो कसा आहे' हे पाहावे लागते. आमच्या समोर उभा असलेला तरुण त्या घडीला आमच्याइतकाच शुद्धीत होता.

एका जागी मात्र फिकह थांबते. ज्याने वकील नेमला त्याची शुद्ध गेली की वकालत संपते आणि वलीचा अंमल सुरू होतो. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, या जागेच्या एक पाऊल पुढे जातो. शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर मला कसे वागवावे, कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत. आपल्या वतीने बोलणारा माणूसही तो स्वतः नेमू शकतो, आणि तो बापच असला पाहिजे, भाऊच असला पाहिजे असे नाही. नेमणूक बदलताही येते. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'ल्यूनसी' म्हणजे वेड होते. १९८७ च्या कायद्यातही भर होता तो रुग्णालयात दाखल कोणी करायचे आणि मालमत्ता कोणी सांभाळायची यावर. नव्या कायद्याने वकिलाला वलीच्या शेजारी जागा दिली. साखळीने बांधणे त्याने कोणत्याही रूपात बंद केले. आणि उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देऊ नये असेही त्यात आहे. हे कलम वाचताना आम्हाला आमचे पत्रक आठवले.

या कायद्यावर टीका करणारेही आहेत, आणि त्यांत ज्यांनी हे दुःख घरात पाहिले असे लोक आहेत. पुण्यात १९९९ साली बापू ट्रस्ट स्थापन करणाऱ्या भार्गवी दावर यांच्या आईवर मनोरुग्णालयात राहण्याची वेळ आली होती. ट्रस्टचे नाव त्या आईचेच. माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याला दाखल करण्याची वाट नव्या कायद्यानेही मोकळी ठेवली, अशी त्यांची तक्रार होती. अपंगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि भारताने २००७ साली मान्य केला, त्याच्या आधारे त्या २०२४ साली निधन होईपर्यंत हे मांडत राहिल्या. त्यांचे सगळे म्हणणे आम्हाला पटते असे नाही. एरवाडी आठवली की आमचा पाय अडखळतो. पण त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्राचे पुढारपण कोणाकडून कोणाकडे गेले ते पाहण्यासारखे आहे. आधी डॉक्टर पुढे आले. मग घरचे पुढे आले. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणातून शिकून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली; २००४ साली आलेला 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच धडपडीतून निघाला. घरच्या माणसाने उघडपणे 'होय, आमच्या घरी हा आजार आहे' म्हणणे ही त्या काळी मोठी हिंमत होती. आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांत ती अजूनही मोठी हिंमत आहे. मुलींची लग्ने अडतील या भीतीने किती घरे गप्प आहेत हे आम्ही रोज पाहतो. आता पाळी आहे ती स्वतः आजार भोगलेल्या माणसाची. तो पुढे आला तर डॉक्टर आणि घरचे दोघांनाही थोडे सरकून बसावे लागेल. हे सरकणे अवघड जाते. आम्हाला गेले.

इथे कुराणातील 'अबस' या सूरेची आठवण होते. पैगंबर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत बसले होते. ते सरदार वळले तर किती लोकांचे भले होईल हा विचार त्यामागे होता. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी काही विचारायला आले आणि पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली. त्यावर अल्लाहने कानउघाडणी केली, आणि ती कायमची कुराणात राहिली. आम्ही त्या सभेत सरपंचांकडे आणि पदाधिकाऱ्यांकडे पाहून बोलत होतो. ज्याच्यासाठी सभा होती त्याच्याकडे आमची पाठ होती. पण या किश्शाचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. याच अंध सहाबींना पुढे मुअज्जिन करण्यात आले, आणि पैगंबर (स.) मोहिमेवर जात तेव्हा मदिनेत त्यांना अनेकदा आपल्या जागी नेमून जात. चूक उमगल्यावर त्यांना नुसते प्रेमाने वागवून भागवले नाही; अधिकार दिला.

आता आपल्या घरचे एक अवघड प्रकरण. आपल्यातला मनोरुग्ण आधी डॉक्टरकडे जात नाही. आमिलाकडे जातो, दर्ग्यावर जातो. सिंधुदुर्गातून रत्नागिरीचे मनोरुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास, दुसऱ्या बाजूला पत्रादेवी ओलांडून बांबोळी. तावीज देणारा मात्र हाकेच्या अंतरावर असतो, आणि तो पाच मिनिटे जवळ बसवून ऐकून घेतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१६ साली सांगितले की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्यातल्या किती जणांना कोणीतरी फुंकर मारून परत पाठवले असेल, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

यावर सुधारकांचा एक जुना उपाय आहे: दर्ग्यावर जाणे हीच अंधश्रद्धा म्हणून झोडपायचे. हमीद दलवाईंच्या कोकणात हा आवाज ऐकू यायलाच हवा. मारहाण करून भूत उतरवणाऱ्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरवले, तेही योग्यच झाले. पण झोडपून रुग्ण दवाखान्यात येतो का? गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा गावी हजरत मीरा दातारांचा दर्गा आहे. आपल्याकडूनही तिथे माणसे जातात. तिथे मिलेश हमलाई या गृहस्थांनी 'दवा और दुआ' नावाचे काम सुरू केले. ते डॉक्टर नाहीत. त्यांच्या भावाला हा आजार होता. त्यांनी मुजावरांना शत्रू मानले नाही. मुजावरांना आजाराची लक्षणे शिकवली, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसवला आणि दुआ घेऊन बाहेर पडणाऱ्याला मुजावरानेच सांगावे की आता तिकडे जा, अशी रीत घातली. रुग्णाची श्रद्धा काढून घ्यायची आणि मग त्याला औषध द्यायचे, अशी अट त्यांनी घातली नाही. ज्याची वकालत करायची त्याची भाषा वकिलाला यावी लागते.

हेही सांगितले पाहिजे की नुसता जुना अभिमान इथे कामाचा नाही. आपल्या सभांतून कोणीतरी आवर्जून सांगते की मुसलमानांनी मनोरुग्णांसाठी जगात सर्वांत आधी दवाखाने काढले. कैरोत १२८४ साली सुलतान कलावूनने बांधलेल्या मन्सूरी रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता आणि सारा खर्च वक्फमधून चाले, हे खरे आहे. दहाव्या शतकातील अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारा ग्रंथ लिहिला, हेही खरे. पण ११८४ साली दमास्कसचा दवाखाना पाहणाऱ्या इब्न जुबैर या प्रवाशाने तिथल्या वेड्यांच्या साखळ्याही नोंदवून ठेवल्या आहेत. उपचार आणि साखळी एकाच छपराखाली होत्या. चांगल्या वलीच्या हातातही साखळी असू शकते. आमच्या हातात पत्रक होते.

मग ज्याला कधीच शुद्ध येत नाही त्याचे काय? त्याला वली लागेल, आणि तो जन्मभर लागेल. पण वलीलाही मर्यादा आहेत. कुराणाने अशांच्या मालमत्तेविषयी बोलताना त्यांना त्यातूनच खाऊपिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी चांगल्या शब्दांत बोला असे बजावले आहे. त्यांच्याविषयी चांगले बोला, एवढ्यावर भागवलेले नाही, त्यांच्याशी बोला. ज्याला समजत नाही असे आपण गृहीत धरतो, त्याच्याशीही. बोलत राहिलो तरच कळेल की त्याला आज किती समजते आहे, आणि वलीने वकील व्हायची घडी आली की नाही.

त्या सभेनंतर आम्ही आमच्या कामात काही बदल केले. फोटो छापणे थांबवले. कोणाचीही हकिकत सांगण्याआधी त्याला विचारतो, तो 'नाय' म्हणाला की विषय तिथे संपतो, आणि 'हो' म्हणाला तरी सभेच्या दिवशी पुन्हा विचारतो, कारण इजाजत काढूनही घेता येते. गटाच्या बैठकीला आता आजारातून उठलेले दोघे जण बसतात. त्यांच्यामुळे बैठका लांबतात, कधी भांडणेही होतात. आमचे एक जुने सहकारी या प्रकाराला कंटाळून निघून गेले. ते म्हणाले, अशाने काम होत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आमचे काम पूर्वीपेक्षा संथ झाले आहे. आणि काम संथ झाले की कुठेतरी कोणीतरी एक दिवस जास्त बांधलेला राहतो, याची बोच आम्हाला आहे.

तो तरुण पुन्हा आमच्या सभेला आला नाही. त्याची आई येते. मागच्या रांगेत बसते, काही बोलत नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, आणि उरलेली पत्रके मागून घेतली. आम्ही ती नेऊन दिली. पण दोनशेच्या वर वाटून झाली होती. ती आता कोणत्या गावात, कोणाच्या घरात आहेत ते आम्हाला माहीत नाही. त्याने आम्हाला माफ केले की नाही, तेही त्याने सांगितलेले नाही. ते सांगायचे की नाही, आणि कधी सांगायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे.